पंपाचा स्पायडर दर सहा आठवड्यांनी झिजतो, ब्लोअरचा पट्टा उलटतो : कपलिंग आणि पुलीच्या अलाइनमेंटविषयी मार्गदर्शन हवे

मकरपुरेकर | सोमवार, रात्री ९:४०

नमस्कार. मी वडोदऱ्याच्या मकरपुरा जीआयडीसीमधील एका मध्यम आकाराच्या कारखान्यात देखभाल विभागात काम करतो. आमच्याकडे गरम पाणी फिरवणारा एक पंप आहे. त्याची मोटर ३७ किलोवॅटची, चार पोलची आणि २२५ एस फ्रेमची (म्हणजे त्या प्रमाणित मापाच्या सांगाड्याची) आहे. मध्ये मोटर आणि पंपाचे शाफ्ट जोडणारे जॉ कपलिंग असून त्याच्या दोन अर्ध्या भागांच्या (हबच्या) दातांमध्ये, म्हणजे जॉमध्ये, बसणारा रबरी स्पायडर सहा आठवड्यांत भुगा होऊन गार्डखाली काळ्या पुडीसारखा पडलेला दिसतो. गेल्या वर्षभरात दोन निरनिराळ्या पुरवठादारांचे स्पायडर वापरून पाहिले, पण फरक पडला नाही. अलाइनमेंट, म्हणजे दोन्ही शाफ्ट एका रेषेत आहेत का हे, प्रत्येक वेळी मी स्वतः कपलिंगवर सरळपट्टी ठेवून आणि फिलर गेजने (फट मोजणाऱ्या पातळ पात्यांनी) पाहतो, आणि ती मला व्यवस्थित वाटते.

दुसरे दुखणे ब्लोअरचे आहे. त्यावर एसपीबी सेक्शनचे (व्ही आकाराच्या छेदाचे एक प्रमाणित माप) चार पट्टे आहेत आणि त्यांपैकी टोकाचा एक पट्टा महिन्या-दीड महिन्यात खाचेत उलटा होतो किंवा तुटतो. पुल्या मी दोरी लावून एका रेषेत आणलेल्या आहेत.

शेठ आता म्हणतात की कपलिंगचा प्रकारच बदलून टाका. खर्च करण्यापूर्वी अनुभवी मंडळींचे मत घ्यावे, म्हणून हा धागा काढला आहे.

पीथमपूरचा पाना | सोमवार, रात्री १०:२५

कपलिंग बदलण्याची घाई करू नका. ते क्षमतेने कमी पडते आहे का, एवढे आधी कागदावर पाहून घ्या. ९५५० गुणिले ३७ भागिले १४७५ (मोटरच्या मिनिटाच्या फेऱ्या) केले की साधारण २४० न्यूटन मीटर येतात, आणि त्यावर दीडचा सर्व्हिस फॅक्टर (सुरक्षेसाठीचा गुणक) धरला तर ३६० होतात. तुमच्या कपलिंगच्या तक्त्यातील आकडा याहून मोठा असेल, तर कपलिंग निर्दोष आहे असे समजून पुढे चला.

इंदूरहून रोज पीथमपूरला जाऊन-येऊन मी हेच काम करतो. माझा अनुभव असा आहे की रबर लवकर संपत असेल, तर दहापैकी आठ वेळा कारण मोटरच्या पायांखाली किंवा पंपाच्या पाइपमध्ये सापडते. तुम्ही सॉफ्ट फूट तपासला आहे का? चारही बोल्ट घट्ट असताना मोटरच्या एका पायावर डायल गेज (बारीक हालचाल काट्याने दाखवणारे मापक) उभा लावा, त्याच पायाचा बोल्ट सैल करा आणि काटा किती हलतो ते पाहा. तो बोल्ट पुन्हा आवळून मगच पुढच्या पायाकडे जा. ०.०५ मिलिमीटरपेक्षा जास्त हालचाल दिसली, तर तो पाय हवेत आहे आणि बोल्टने ओढून जमिनीला टेकवला जातो आहे. अशा मोटरची अलाइनमेंट कितीही वेळा केली तरी शेवटचा बोल्ट आवळताना ती बिघडणारच.

जुना फिटर | मंगळवार, सकाळी ७:१०

पीथमपूरकरांनी योग्य ठिकाणी बोट ठेवले आहे. मी निवृत्त फिटर आहे. दांडिया बाजारात राहतो आणि डोळे साथ देतात तोवर इथले धागे वाचतो. माझे पहिले उस्ताद कलाभवनात शिकलेले होते, म्हणजे सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये सुरू केलेल्या आणि आज विद्यापीठाच्या अभियांत्रिकी शाखेत सामावलेल्या संस्थेत. एका लांबलचक शाफ्टवरून पट्ट्यांनी सगळी यंत्रे चालत असत तो काळ त्यांनी पाहिला होता, आणि दोरी व ओळंबा यांवर त्यांचा इतका हात बसलेला होता की डायल ते केवळ खात्री करण्यापुरता लावत. हे मी यासाठी सांगतो आहे की सरळपट्टीला मी नावे ठेवणार नाही, पण तिची मर्यादा ओळखली पाहिजे.

सरळपट्टी कपलिंगच्या बाहेरच्या परिघावर टेकते. तो परिघ भोकाशी समकेंद्री आहे असे आपण गृहीत धरतो, पण ओतीव हबचा बाहेरचा भाग पुष्कळदा यंत्रावर घेतलेलाच नसतो, आणि घेतलेला असला तरी हब शाफ्टवर किंचित तिरका बसलेला असू शकतो. त्यामुळे आपण दोन शाफ्ट नव्हे, तर दोन हबचे बाहेरचे कडे एका रेषेत आणतो. डायलचा खरा फायदा इथे आहे. चुंबकी स्टँड पंपाच्या हबवर बसवा, काटा मोटरच्या हबच्या परिघावर टेकवा आणि दोन्ही शाफ्ट एकत्र फिरवा. दोन्ही एकत्र फिरले की काटा पूर्ण फेरीत परिघावरील एकाच बिंदूवर राहतो, म्हणून हब वाकडा असला तरी वाचन बिघडत नाही. नुसता एकच शाफ्ट फिरवून घेतलेल्या वाचनावर मी विश्वास ठेवत नाही.

वर शून्य करून उजवीकडे, खाली आणि डावीकडे अशी वाचने लिहून घ्या. उजव्या आणि डाव्या वाचनाची बेरीज, वरच्या आणि खालच्या वाचनाच्या बेरजेइतकी आली पाहिजे. ती आली नाही तर स्टँड हलतो आहे किंवा काटा अडकतो आहे, असे समजून पुन्हा सुरुवात करा. स्टँडची आडवी दांडी लांब असेल, तर ती स्वतःच्या वजनाने वाकते. ती आधी एका सरळ पाइपवर बसवून किती वाकते ते मोजून ठेवावे.

आणि हो, हे सगळे करण्यापूर्वी मोटरचा पुरवठा खंडित करून कुलूप लावा आणि किल्ली स्वतःच्या खिशात ठेवा. माझ्या डाव्या हाताच्या एका बोटाचे टोक पट्टा आणि पुली यांच्यामध्ये गेले, तेव्हा स्विच बंदच होता. शाफ्ट दुसऱ्याने हाताने फिरवला होता.

मकरपुरेकर | बुधवार, रात्री ११:०५

आज दुपारच्या पाळीत पंप बंद मिळाला. जे सापडले ते लिहिताना थोडी लाज वाटते.

मोटरचा मागचा डावा पाय ०.१८ मिलिमीटर उचलला गेला. त्याखालून तीन गंजलेल्या शिम (पाय समपातळीत आणण्यासाठी घालायचे पातळ पत्रे) निघाल्या आणि त्यांच्या मधोमध थंड पेयाच्या डब्यातून कात्रीने कापलेला पत्र्याचा तुकडा निघाला. त्यावरील लाल रंग अजून शाबूत होता. तो कोणी ठेवला हे मी विचारले नाही, कारण अडचणीच्या वेळी तो मीच ठेवला असण्याचीही शक्यता आहे. पाय आणि बेस प्लेट घासून स्वच्छ केली, स्टेनलेस स्टीलच्या नव्या शिम घातल्या, आणि आता चारही पाय ०.०३ च्या आत आहेत.

कपलिंग पुन्हा जोडण्यापूर्वी डायलने घेतलेली वाचने अशी आहेत. वर शून्य, उजवीकडे +०.१०, खाली +०.३६, डावीकडे +०.२६. दोन्ही हबमधील फट वर ३.१२ आणि खाली ३.०० मिलिमीटर आहे. डाव्या-उजव्या फटीत फरक नाही. फट हबच्या बाहेरच्या कडेला मोजली असून तिथला व्यास १८० आहे. मोटर ०.३६ खाली आहे असे समजून मी चारही पायांखाली ०.३६ ची शिम घातली, तर खालचे वाचन उणे झाले आणि फट जशीच्या तशी राहिली. माझे कुठे चुकले?

पीथमपूरचा पाना | बुधवार, रात्री ११:५०

दोन ठिकाणी चुकले. पहिले म्हणजे डायल वरून खाली जाताना जेवढा फरक दाखवतो, तो खऱ्या अंतराच्या दुप्पट असतो, कारण वर हब काट्यापासून जितका दूर जातो तितकाच खाली तो जवळ येतो. म्हणजे मोटर ०.१८ खाली आहे. तुमची बेरीज बरोबर जुळते आहे (०.१० अधिक ०.२६ म्हणजे ०.३६), तेव्हा वाचने विश्वसनीय आहेत. आडव्या दिशेचा फरक ०.१६ आहे, म्हणजे मोटर ०.०८ डावीकडे सरकलेली आहे.

दुसरे म्हणजे फट वर जास्त आहे. याचा अर्थ मोटरचे कपलिंगकडील टोक वर पाहते आहे आणि शेपूट खाली आहे. चारही पाय सारखे उचलल्याने हा कोन जाणार नाही. १८० व्यासावर ०.१२ चा फरक आहे. २२५ एस फ्रेममध्ये शाफ्टच्या टोकापासून पुढच्या पायाचे भोक १४० अधिक १४९, म्हणजे २८९ मिलिमीटरवर येते, आणि मागचे त्याच्यापुढे २८६ वर, म्हणजे ५७५ वर. हबचा चेहरा, म्हणजे समोरची सपाट बाजू, शाफ्टच्या टोकाशी समपातळीत आहे असे धरले, तर ०.१२ गुणिले २८९ भागिले १८० बरोबर ०.१९, आणि ०.१२ गुणिले ५७५ भागिले १८० बरोबर ०.३८. या दोन्हींत ०.१८ मिळवा. पुढच्या पायांखाली ०.३७ आणि मागच्या पायांखाली ०.५६ घालायला हवे होते. आता ०.३६ घातलेले आहेच, तेव्हा पुढे जवळजवळ काही करायचे नाही आणि मागे ०.२० वाढवायचे आहे.

शिमांची चळत करू नका. एका पायाखाली तीन-चारपेक्षा जास्त नकोत, आणि जाड शिम खाली व वर ठेवून पातळ मध्ये घाला, म्हणजे ती दुमडत नाही.

कंपनमापक | गुरुवार, सकाळी ९:३०

धागा वाचून राहवले नाही. मी लेझरने अलाइनमेंट करण्याचे काम कंत्राटाने करतो, त्यामुळे माझे मत एकांगी वाटेल, पण हे सगळे गणित लेझरचे यंत्र स्वतः करते, पाय किती उचलायचा ते पडद्यावर दाखवते आणि दांडी वाकण्याचा प्रश्नच येत नाही. मिनिटाला १५०० फेऱ्यांच्या यंत्रासाठी शाफ्टमधील अंतर ०.१० च्या आत आणि कोन दर १०० मिलिमीटरला ०.०८ च्या आत, हे चालण्याजोगे धरले जाते. मी स्वतः ०.०५ च्या आसपास आणूनच सोडतो, आणि ३००० फेऱ्यांच्या पंपासाठी याहून बारीक.

कंपन मोजण्याची सोय असेल, तर कपलिंगच्या दोन्ही बाजूंच्या बेअरिंगवर शाफ्टच्या दिशेने मोजून पाहा. फेऱ्यांच्या वारंवारतेवर, म्हणजे तुमच्याकडे सुमारे २४.६ हर्ट्झवर, आणि तिच्या दुपटीवर शिखर उंच दिसत असेल, तर मिसअलाइनमेंटचा संशय बळावतो.

जुना फिटर | गुरुवार, दुपारी १:१५

लेझर उत्तम आहे आणि ज्याच्याकडे आहे त्याने तो जरूर वापरावा. पण त्या पंपाचा पाइप ओढतो आहे का, हे लेझर आपण होऊन सांगत नाही, विचारावे लागते. म्हणून मकरपुरेकरांना माझी विनंती आहे की त्यांनी कपलिंग सुटे असतानाच पंपाच्या हबवर दोन डायल लावावेत, एक उभा आणि एक आडवा, आणि मग सक्शन (पाणी आत येणाऱ्या) व डिलिव्हरी (बाहेर जाणाऱ्या) पाइपच्या फ्लॅंजचे, म्हणजे जोडकड्यांचे, बोल्ट एकेक करून सोडावेत. ०.०५ च्या वर काटा सरकला, तर पाइप पंपाला वाकवतो आहे. फ्लॅंज पहारीने ओढून जुळवण्याची आपल्याकडे वाईट सवय आहे. पंप त्या वेळी काही बोलत नाही, सहा आठवड्यांनी रबराच्या तोंडून बोलतो.

मकरपुरेकर | शनिवार, रात्री ८:३०

काका, तुमचा अंदाज खरा ठरला. सक्शनचा फ्लॅंज सोडताच आडवा काटा ०.२२ सरकला आणि भोके जवळपास एक सूत, म्हणजे तीन मिलिमीटर, बाजूला गेली. दोन वर्षांपूर्वी त्या पाइपखालील एक आधार जागा अडते म्हणून काढलेला होता, आणि कोपरासकट पाइपचे सगळे वजन पंपाच्या तोंडावर लोंबत होते. आज तिथे नवा आधार वेल्ड करून घेतला आणि पाइपचा एक तुकडा कापून पुन्हा जोडला. आता बोल्ट हाताने आत जातात आणि फ्लॅंज आवळताना काटा ०.०२ हलतो. त्यानंतर पुन्हा डायल लावून उंचीत ०.०३ आणि आडव्या दिशेत ०.०४ पर्यंत आणले.

एक शंका आहे. पाणी ८५ अंशांचे आहे. पंप तापल्यावर उंच होईल, त्यासाठी मोटर मुद्दाम थोडी उंच ठेवावी का?

पीथमपूरचा पाना | शनिवार, रात्री ९:२०

हिशोब करून पाहा, मग ठरवा. पंप थंड असताना आणि चार तास चालल्यावर, पंपाच्या आणि मोटरच्या पायापासून मध्यापर्यंतच्या भागाचे सरासरी तापमान घ्या. समजा पंप ३२ अंशांनी तापला आणि त्याची उंची २५० आहे, तर ओतीव लोखंडासाठी २५० गुणिले ०.००००११ गुणिले ३२, म्हणजे ०.०९ मिलिमीटर. मोटरही तापतेच. तिची उंची २२५ आणि वाढ २० अंश धरली, तर ०.०५. फरक अवघा ०.०४ चा राहतो. तेवढी मोटर उंच ठेवली तर चांगलेच, नाही ठेवली तरी हे कपलिंग ते सहन करील. अडीचशे अंशांचे थर्मिक तेल फिरवणारा पंप असता, तर मी हे इतके हलक्यात घेतले नसते.

मकरपुरेकर | रविवार, सकाळी १०:००

आभारी आहे. आता ब्लोअरकडे वळतो. मोटरची पुली १८० ची, पंख्याची ३१५ ची, आणि दोन पुल्यांमधील पट्ट्याचा मोकळा भाग साधारण ६०० मिलिमीटरचा आहे. दोरी दोन्ही पुल्यांच्या चेहऱ्यांना चारही ठिकाणी अगदी टेकते. गेल्या वेळी तुटलेले दोन पट्टे मी बदलले, उरलेले दोन चांगले होते म्हणून ठेवले.

जुना फिटर | रविवार, सकाळी ११:४५

शेवटच्या वाक्यात निम्मे उत्तर आहे. चार पट्ट्यांच्या संचात दोन नवे आणि दोन ताणलेले जुने ठेवले, तर नवे आखूड असल्यामुळे सगळा भार तेच ओढतात आणि जुने नुसते फडफडतात. फडफडणारा पट्टा खाचेत उलटतो. पट्टे नेहमी पूर्ण संच म्हणून, एकाच बनावटीचे आणि जुळवलेले घ्यावेत.

उरलेले निम्मे उत्तर पुलीत असावे. दोन्ही पुल्या एकाच ठिकाणाहून आलेल्या आहेत का? नसतील, तर कडेपासून पहिल्या खाचेच्या मध्यापर्यंतचे अंतर दोन्हींवर मोजा. पट्टा खाचेत चालतो, चेहऱ्यावर नव्हे, आणि दोरी मात्र चेहऱ्याला टेकते.

मकरपुरेकर | रविवार, संध्याकाळी ६:२०

मोजले. मोटरची पुली प्रमाणित आहे आणि तिच्यावर हे अंतर १२.५ मिलिमीटर आहे. पंख्याची पुली पूर्वी इथल्याच एका लेथवर करून घेतलेली आहे आणि तिच्यावर ते १७.५ भरले. म्हणजे दोरीप्रमाणे पुल्या एका रेषेत होत्या आणि पट्टे मात्र ५ मिलिमीटर तिरके धावत होते.

कंपनमापक | रविवार, संध्याकाळी ७:००

६०० वर ५ म्हणजे जवळजवळ अर्धा अंश. व्ही पट्ट्यासाठी अर्धा अंश ही सर्वसाधारण कमाल मर्यादा आहे, आणि दात असलेल्या टायमिंग पट्ट्यासाठी ती याच्या निम्मी असते. तुमची सगळी सूट त्या पुलीनेच खाल्ली होती, त्यात मोटर रुळांवर थोडी जरी तिरकी सरकली की मर्यादा ओलांडली जाणार. खाचेत बसणारी लेझरची जोडी मिळते, ती चेहऱ्याच्या भानगडीत पडत नाही.

जुना फिटर | रविवार, रात्री ८:१०

ती घरगुती पुली हातात घ्याल तेव्हा खाचेचा कोनही गेजने पाहा. पट्टा ४० अंशांचा म्हणून लेथवाले खाचही ४० ची कापतात, आणि तिथे फसतात. पट्टा पुलीवर वाकला की त्याची आतली बाजू फुगते आणि त्याचा कोन कमी होतो. पुली जितकी लहान तितके वाकणे जास्त, म्हणून एसपीबीसाठी १९० पर्यंतच्या पुलीला ३४ अंश आणि त्यापुढे ३८ अंश ठेवतात. खाचेच्या बाजू खोलगट झाल्या असतील किंवा तळ चकचकीत दिसत असेल, तर पट्टा तळाशी टेकून घसरतो आहे आणि ती पुली बदलण्याच्याच लायकीची आहे.

नवे पट्टे चढवताना पेचकसाने किंवा पहारीने पुलीवरून ओढू नका. आतले धागे तुटतात, बाहेरून काही दिसत नाही, आणि तोच पट्टा नंतर उलटतो. मोटर पुढे घ्या, पट्टे हाताने घाला, मग मोटर मागे सरकवा. ताण मोजताना मोकळ्या भागाच्या मध्यावर पट्टा दर मीटरला १६ मिलिमीटर, म्हणजे तुमच्याकडे साडेनऊ-दहा मिलिमीटर दाबा आणि त्यासाठी लागणारा जोर स्प्रिंग गेजवर वाचून उत्पादकाच्या तक्त्याशी ताडून पाहा. अंगठ्याने दाबून "ठीक आहे" म्हणणारे पुष्कळ भेटतात. त्यांचा अंगठा बहुधा पट्ट्यापेक्षा आधी ताणलेला असतो. नवा पट्टा खाचेत बसून सैल पडतो, म्हणून एक-दोन दिवस चालल्यावर ताण पुन्हा पाहावा लागतो.

पीथमपूरचा पाना | सोमवार, सकाळी ८:००

नवी पुली टेपर लॉक बुशची (शाफ्टवर आवळल्या जाणाऱ्या निमुळत्या बाहीची) घेतलीत तर काढा-घालायला सोपी जाईल. बुशच्या आकड्यात मापच लिहिलेले असते, उदाहरणार्थ ३०२० म्हणजे भोक जास्तीत जास्त सुमारे ३ इंचांचे आणि लांबी २ इंच. टेपरचे दोन्ही पृष्ठभाग कोरडे व स्वच्छ ठेवा, त्याला तेल किंवा ग्रीस लावले की जास्त आवळला जाऊन हब तडकतो. स्क्रू आळीपाळीने आवळा, मऊ धातूचा ठोकळा ठेवून बुशवर ठोका आणि पुन्हा आवळा.

कपलिंगचा हब मात्र कधीही ठोकून बसवू नका, त्याचा मार बेअरिंगच्या गोळ्यांवर जातो. तुमच्या मोटरचा शाफ्ट ६० चा आहे. हब खोलीपेक्षा ८० अंशांनी जास्त तापवला, तर भोक सुमारे ०.०६ ने उघडते. एम ६ शाफ्ट आणि एच ७ भोक (मापातील सुटीचे प्रमाणित वर्ग) यांची सर्वांत घट्ट जोडी ०.०३ ची असते, त्यामुळे तो हाताने सरकत बसतो. चावी (हब शाफ्टवर घसरू नये म्हणून खाचेत बसवलेला तुकडा) हबपेक्षा लांब बाहेर डोकावत असेल, तर तेवढी कापून टाका, कारण अर्धी चावी गृहीत धरून मोटर बॅलन्स केलेली असते.

मकरपुरेकर | पाच आठवड्यांनंतर, मंगळवार, रात्री ९:१५

पंख्याची पुली टेपर लॉकची बसवली आणि खाचेला खाच जुळवली. चारही पट्टे एकाच संचातले घेतले, दुसऱ्या दिवशी ताण सैल झाला होता, तो पुन्हा दिला. अद्याप एकही उलटला नाही.

पंपाचे गार्ड आज उघडले. खाली काळी पूड नव्हती. स्पायडरच्या पाकळ्यांवर जॉचा ठसा उमटला आहे, पण कडा शाबूत आहेत. दाब एकाआड एक पाकळ्यांवरच दिसतो, मधल्या पाकळ्या कोऱ्या आहेत. यात काही काळजीचे आहे का?

जुना फिटर | मंगळवार, रात्री ९:५०

काही नाही. एकाच दिशेने फिरताना एकाआड एक पाकळी दोन जॉच्या मध्ये दबते आणि मधली मोकळी राहते, ते योग्यच आहे. ठसा दबलेल्या सर्व पाकळ्यांवर सारखा आहे ना, एवढे फक्त पाहा. गार्ड उघडलेच आहे तर पायांचे बोल्ट टॉर्क पान्याने तपासून घ्या आणि प्रत्येक बोल्टवर रंगाची एक रेघ मारून ठेवा, म्हणजे पुढच्या वेळी सैल झालेला बोल्ट नुसत्या नजरेनेच कळेल.